उपटणी पहाटे, तोडणी सावलीत

उन्हाळी भुईमूग काढणीला येतो तो ऐन मे महिन्यात. विदर्भ-मराठवाड्यात तेव्हा पारा ४२-४५ च्या घरात असतो आणि वळवाची धास्ती वेगळीच. पाऊस झाला तर उपट्या (उभट वाढणाऱ्या) जातीच्या शेंगा जमिनीतच कोंब धरतात, मजूर एकदा दुसऱ्याच्या वावरात गेले की हाती लागत नाहीत. मग अकरा वाजून गेले तरी ‘दोनच ओळी राहिल्यात, उरकूनच जेवू’ सुरू होतं. ऊन लागतं ते या दोन ओळींत.

मोबाइलवर दिसणारं तापमान सावलीतलं असतं, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवरच्या पेटीत मोजलेलं. भुईमूग उपटणारी बाई वाकलेली असते. पाठ उन्हात, तोंड तापलेल्या मातीजवळ. म्हणजे ४३ चा आकडा तिच्यासाठी ४३ नसतोच.

या पिकाचं बरं हे, की काढणीची कामं दोन आहेत, झाडं उपटणं आणि शेंगा तोडणं, आणि उन्हात फक्त पहिलंच करावं लागतं. उपटणीच्या दोन-तीन दिवस आधी हलकं पाणी द्या, म्हणजे झाड ओढायला सोपं जातं आणि शेंगा तुटून मातीत राहत नाहीत. फटफटताच, साडेपाचला उपटायला लागा आणि दहाला थांबा. उपटलेली झाडं धुऱ्यावरच्या आंब्याखाली किंवा निंबाखाली आणून टाका, तोडणी तिथे बसून होऊ द्या. झाड नसेल तर हिरवी जाळी ताणा. बियाण्यासाठी ठेवायच्या शेंगाही सावलीतच वाळवायच्या असतात, कडक उन्हात त्यांची उगवण कमी होते. तेव्हा ती जाळी नंतरही उपयोगी पडते.

तोडणी बहुतेक ठिकाणी किलोवर असते. किलोवर काम करणारं माणूस स्वतःहून थांबत नाही, हे गृहीत धरा. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी मालकाने किंवा मुकादमाने फिरवायचं. ‘कळशी तिकडे ठेवली आहे’ म्हणून भागत नाही. तासाला दीड लिटरपेक्षा जास्त मात्र पाजू नका. घामाबरोबर मीठही जातं, म्हणून मधूनमधून मीठ घातलेलं ताक, पन्हं किंवा ओआरएस द्या. ओआरएसची पुडी नसली तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; चमचा चहाचा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण तो भाजीतच कामाचा.

आता एक गोष्ट, जी बांधावरच्या बैठकीत कोणी बोलत नाही. बाया पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. सकाळी घरून निघतानाच त्या घोट कमी घेतात. चार बांबू रोवून त्यांना जुनं लुगडं गुंडाळलं की काम झालं, खर्च शून्य. ते केल्याशिवाय त्यांना ‘पाणी प्या’ सांगण्यात अर्थ नाही.

नव्या माणसावर डोळा ठेवा. उन्हाची सवय लागायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. लग्नसराईला पुण्याहून आलेला पोरगा ‘मी पण येतो’ म्हणून उतरतो, आणि पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या बापाच्या बरोबरीने ओढायला बघतो. त्याला पहिल्या दिवशी तास-दीड तास पुरे, मग रोज थोडं वाढवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. ज्यांना त्या चालू असतील त्यांनी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावं.

वळवाची सर येऊन गेली की पारा उतरतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही. त्या दिवशीही दहाचा नियम पाळा.

भाजीपाल्यावर फवारणी असेल तर ती सकाळी लवकरच आटोपा. घामेजल्या अंगातून औषध लवकर आत शिरतं. फवारणाऱ्याला भोवळ आली, तोंडाला लाळ सुटली, बुबुळं बारीक झाली, तर त्याला ऊन समजू नका. ती विषबाधा असू शकते. औषधाचा डबा बरोबर घेऊनच दवाखाना गाठा.

ऊन लागल्याची खूण म्हणजे माणूस असंबद्ध बोलतो, चालताना झोकांड्या खातो, अंग चुलीसारखं तापतं. घाम येतोय म्हणून धोका नाही, असं समजू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. मान, काखा, जांघा यांवर ओला फडका ठेवा. मोटारीचा पाइप घेतलात तर आधी धार जमिनीवर सोडा. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी कढत असतं. फवारणीचा पंप पाण्यासाठीही वापरू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळीही इथे चालत नाही.

१०८ ला फोन लावताना गट नंबर सांगून गाडीवाल्याला वावर सापडत नाही. फाटा, देऊळ, विजेची डीपी अशी खूण सांगा आणि रंगीत दुपट्टा देऊन एकाला डांबरी रस्त्यावर उभं करा. बाकीच्यांनी गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहायचं.