एसयूव्हीला स्पेसर आणि लोअरिंग स्प्रिंग बसवताना या चुका टाळा

स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर बसते तो ॲक्सलच्या टोकाचा भाग) आणि चाक यांच्यामध्ये घालायची धातूची चकती; ती चाक बाहेर ढकलते आणि लोअरिंग स्प्रिंग गाडीचे अंग खाली आणते. बहुतेक लोक ही दोन कामे वेगवेगळ्या महिन्यांत आणि वेगवेगळ्या गॅरेजमध्ये करून घेतात. परंतु टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा एकच असते आणि तीच दोन्ही कामांनी कमी होत जाते. १५ मिलिमीटरचा स्पेसर एकटा बसवला तर गाडी कुठेही घासत नाही, ३० मिलिमीटरने खाली आणणारी स्प्रिंग एकटी बसवली तरी घासत नाही, आणि दोन्ही एकत्र आल्यावर मात्र मागे तिघांना बसवून कात्रजचा घाट चढताना वळणावर टायरची बाहेरची कड मडगार्डच्या आतल्या दुमडीला लागू लागते. पुण्यात अशा गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांतल्या फारच थोड्या गाड्यांत सामान निकृष्ट होते. बाकीच्यांत बसवण्याआधी मोजायचे राहून गेले होते.

मोजायचे काय, हे आधी पाहू. चारही चाकांच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहून ठेवावे. जमिनीपासून माप घेऊ नये, कारण टायरमधली हवा कमी-जास्त असली की ते माप बदलते. दुसरी गोष्ट रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारे तिचे तोंड यांच्यामधले मिलिमीटरमधले अंतर. रिमवर ‘ईटी ४०’ असे कोरलेले असेल आणि आपण १५ मिलिमीटरचा स्पेसर घातला, तर प्रत्यक्षात ते चाक ‘ईटी २५’ असल्यासारखे बसते आणि दोन्ही बाजूंची मिळून चाकांमधली रुंदी ३० मिलिमीटरने वाढते. उभ्या गाडीत हे सुरेख दिसते, पण सस्पेन्शन पूर्ण दाबले गेल्यावर काय होते ते उभ्या गाडीत कळत नाही.

ते कळून घेण्याची खात्रीची रीत अशी: स्प्रिंग न घालता केवळ शॉकअप आणि बंप स्टॉप (सस्पेन्शनची हालचाल शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) बसवावे, चाक लावावे आणि जॅकने ते चाक हळूहळू वर उचलत बंप स्टॉप दाबला जाईपर्यंत न्यावे. पुढच्या चाकासाठी याच स्थितीत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहावे. एवढी खटपट शक्य नसेल, तर लहान मुलांच्या मॉडेलिंगच्या मातीच्या बारीक गोळ्या मडगार्डच्या आतल्या कडेवर चार-पाच ठिकाणी चिकटवाव्यात, गाडीत पूर्ण वजन भरावे आणि ओळखीच्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून सावकाश एक फेरी मारावी. जिथली माती चपटी झाली असेल, तिथे पुढेमागे टायर कापले जाणार हे निश्चित समजावे.

हबवर न बसणारा स्पेसर

माझ्या स्वतःच्या क्रेटाला २५ मिलिमीटरचे स्पेसर बसवून घेतले, तेव्हा देहूरोड सोडून द्रुतगती मार्गावर ९० चा वेग गाठला की स्टिअरिंग थरथरू लागे आणि ७० च्या खाली आले की सगळे शांत होई. व्हील बॅलन्सिंग तीनदा करून झाले, तरी काही फरक पडला नाही. शेवटी पुढचे चाक जॅकवर उचलून मी रिमच्या कडेजवळ स्क्रू ड्रायव्हरचे टोक स्थिर धरले आणि चाक हाताने फिरवले, तेव्हा अर्ध्या फेरीत टोक आणि रिम यांच्यामधली फट रुंद होत होती आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत अरुंद. चाक गोलच होते, पण ते हबच्या मध्यावर बसलेले नव्हते. क्रेटाच्या हबचा व्यास ६७.१ मिलिमीटर असतो आणि मला दिलेल्या स्पेसरचे मधले भोक ७३.१ मिलिमीटरचे होते, म्हणजे चहूबाजूंनी ३ मिलिमीटरची मोकळी जागा होती आणि स्पेसर केवळ नटांच्या आधारावर तोलला गेला होता.

पीसीडी, म्हणजे चाकाचे स्टड (हबमधून बाहेर आलेले, नट चढवायचे आटेदार दांडे) ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, जुळली म्हणजे स्पेसर जुळला, असे समजणे ही यातली मूळ चूक आहे. क्रेटाची पीसीडी ५ × ११४.३ (पाच स्टड, ११४.३ मिलिमीटरचे वर्तुळ) आहे आणि ब्रेझाचीही तीच आहे. परंतु ब्रेझाच्या हबचा व्यास ६०.१ मिलिमीटर असून तिच्या नटांचे आटे एम १२ × १.२५ (१२ मिलिमीटरचा स्टड, दोन आट्यांमध्ये १.२५ मिलिमीटर अंतर) आहेत, तर क्रेटाचे एम १२ × १.५. एका गाडीचा स्पेसर दुसरीला ‘बसतो’ असे दुकानदार सांगतो तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही, पण नुसते स्टडवर चढणे म्हणजे बसणे नव्हे. स्पेसरचे आतले भोक गाडीच्या हबवर घट्ट सरकले पाहिजे आणि त्याच्या बाहेरच्या तोंडावर त्याच मापाचा कडा उठवलेला असला पाहिजे, म्हणजे रिमलाही मध्य सापडतो. नाना पेठेत खरेदी करताना व्हर्नियर कॅलिपर सोबत न्यावा आणि दुकानातच माप घ्यावे. लेथवर स्पेसर करून घेणे मला गैर वाटत नाही, मात्र धातू ओतीव नको. ६०६१-टी६ सारख्या उष्णतासंस्कारित ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या जाड गजातून कातलेला स्पेसर मागावा आणि तो धातू कोणता, हे करणाऱ्याला ठामपणे सांगता येत नसेल तर ते काम त्याला देऊ नये.

नट किती आटे धरतो

स्वतःचे स्टड नसलेले, नुसती चकती असलेले ३ किंवा ५ मिलिमीटरचे स्पेसर निरुपद्रवी वाटतात, कारण ते बारीक असतात. प्रत्यक्षात धोका त्यांच्यातच अधिक लपलेला असतो. १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांवर ५ मिलिमीटरचा स्पेसर घातला की नटाच्या वाट्याचे साधारण सव्वातीन आटे कमी होतात. स्टडच्या व्यासाइतकी लांबी नटाने धरली पाहिजे, हा जुना आणि भरवशाचा नियम आहे. म्हणजे एम १२ × १.५ च्या स्टडवर नट हाताने किमान आठ पूर्ण फेरे आणि एम १२ × १.२५ वर सुमारे दहा फेरे फिरला पाहिजे. हे मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. फेरे कमी भरले, तर लांब स्टड घालणे किंवा स्पेसर काढून ठेवणे हे दोनच मार्ग उरतात. एकावर एक दोन चकत्या ठेवून जाडी वाढवण्याचा विचारही करू नये.

कुशाक, टायगुन यांसारख्या गाड्यांमध्ये स्टड नसतात, चाक बोल्टने आवळले जाते. तिथे मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीइतकाच जास्त लांब बोल्ट घ्यावा लागतो. तो गरजेपेक्षा लांब झाला तर हबमधून आरपार जाऊन मागच्या ब्रेक ड्रमच्या आतल्या भागांना लागू शकतो, म्हणून बोल्ट आवळल्यावर चाक हाताने फिरवून पाहिल्याशिवाय गाडी जॅकवरून उतरवू नये. मूळ आखूड बोल्ट मात्र डिकीत जपून ठेवावेत. रस्त्यात पंक्चर झाले आणि स्पेसर काढून स्टेपनी थेट हबवर चढवावी लागली, तर तिला तेच लागतात.

स्वतःचे स्टड असलेल्या जाड स्पेसरमध्ये नटांच्या दोन रांगा असतात. स्पेसरला हबशी धरून ठेवणारे आतले नट आणि चाकाला स्पेसरशी धरून ठेवणारे बाहेरचे नट. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळावेत हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे, पण आवळले जातात ते फक्त बाहेरचे, कारण आतले चाकामागे झाकलेले असतात. त्यांच्यासाठी चाक उतरवावेच लागते. आवळताना टॉर्क पाना वापरावा आणि आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. क्रेटाच्या वर्गातील ह्युंदाईच्या गाड्यांत तो साधारण ११ ते १३ किलोग्रॅम-मीटर असतो. एअर गनने करकचून आवळलेला स्टड ताणला जातो आणि ताणलेला स्टड पुढे कधी तुटेल याची पूर्वसूचना मिळत नाही. आट्यांना तेल किंवा ग्रीसही लावू नये, कारण त्यामुळे पान्यावर तोच आकडा दिसत असताना स्टडवर येणारा ताण कितीतरी अधिक असतो. पुण्याच्या पावसाळ्यानंतर हबच्या तोंडावर गंजाचा पातळ थर हमखास चढलेला असतो. तो तारेच्या ब्रशने साफ न करता स्पेसर बसवला, तर गंज दाबला जाऊन नट आपोआप सैल पडतात.

हवेत आवळलेले बुश

लोअरिंग स्प्रिंगच्या कामात सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक बाहेरून दिसत नाही. लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) टोकांना जे रबरी बुश असतात, ते सरकत किंवा फिरत नाहीत. रबर पिळले जाऊनच आर्मची हालचाल होते. गाडी जॅकवर असते तेव्हा चाके खाली लोंबकळत असतात आणि त्याच अवस्थेत फिटर बुशचे बोल्ट पूर्ण आवळतो. नंतर गाडी जमिनीवर टेकते, आर्म वर येतो आणि गाडी नुसती उभी असतानाही बुशचे रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते. गाडी जितकी खाली बसवली असेल, तितकी ही पिळण अधिक. काही महिन्यांतच गतिरोधकावर करकर आवाज सुरू होतो, बुश फाटतो आणि दोष स्प्रिंगच्या माथी जातो. योग्य पद्धत एवढीच आहे की ते बोल्ट आधी हलके धरून ठेवावेत, गाडी चारही चाकांवर उतरवावी, पुढून-मागून दाबून हलवून बसू द्यावी आणि मग खाली शिरून किंवा रॅम्पवर घेऊन आवळावेत. गॅरेजमध्ये काम चालू असताना मालकाने उभे राहून खात्री करून घ्यावी अशी एकच गोष्ट मला विचारली, तर मी हीच सांगेन.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. दाबलेली स्प्रिंग उघडताना योग्य कॉम्प्रेसरच वापरावा, कारण निसटलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. स्प्रिंगचे शेवटचे टोक वाटीतल्या खाचेत टेकले आहे याची खात्री करावी. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या एकत्र जोडणीच्या) वरची बेअरिंग जुनी असेल तर याच वेळी बदलावी. बंप स्टॉप स्प्रिंग बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापापेक्षा जास्त कापू नये आणि तो मुळीच काढून टाकू नये, कारण तो नसला की प्रत्येक खड्ड्यात शॉकअपचा पिस्टन थेट तळाला आपटतो. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग चढवणे म्हणजे दुहेरी मजुरीची तयारी करणे होय.

मागे अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग असलेल्या फॉर्च्युनरसारख्या गाडीत आडवी दांडी ॲक्सलला मध्यात धरून ठेवते. गाडी खाली आली की त्या दांडीचा कोन बदलतो आणि ॲक्सल किंचित एका बाजूला सरकतो. मग एकाच बाजूचे चाक मडगार्डला लागते आणि स्पेसर असेल तर लवकर लागते. स्कॉर्पिओ-एनमध्ये वॉट्स लिंकेज (ॲक्सलला दोन्ही बाजूंनी धरून मधोमध ठेवणारी दांड्यांची जोडणी) असल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. काही जुन्या एसयूव्हींमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी खाली बसवली की त्याला ती सामानाने भरलेली वाटते आणि मागची चाके रिकाम्या गाडीतही लवकर लॉक होतात. त्याची दांडी पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

व्हील अलाइनमेंट काम झाल्याबरोबर आणि साधारण ५०० किलोमीटरनंतर पुन्हा करावे. हेडलाइटची पातळीही तपासावी. पुढच्या काचेवरच्या कॅमेऱ्यावर चालणारी चालक-साहाय्य प्रणाली ज्या गाडीत आहे, तिच्या कॅमेऱ्याचे आणि रडारचे कॅलिब्रेशन गाडीची उंची बदलल्यावर जसेच्या तसे राहील असे गृहीत धरू नये.

पुण्याचे रस्ते आणि कायदा

क्रेटाचा ग्राउंड क्लिअरन्स १९० मिलिमीटर सांगितला जातो, पण तो रिकाम्या गाडीचा. त्यातून ३० मिलिमीटर स्प्रिंगने गेले आणि पाच माणसे व सामान यांनी गाडी आणखी दबली की काय उरते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. क्रेटाच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.६१ मीटर असल्यामुळे असा गतिरोधक ती सहज ओलांडते. अडचण येते ती सोसायट्यांच्या दारात आणि आतल्या रस्त्यांवर घातलेल्या अरुंद, उभ्या उंचवट्यांची, कारण ते दोन चाकांच्या मधोमध येतात आणि पोटाला लागतात. रोज अशा रस्त्यांवरून जाणाऱ्याने गाडी २५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाने केलेल्या परवानगीबाह्य प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्हींची तरतूद आहे. म्हणून खर्च करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो.

आवाजावरून दोष ओळखताना

ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी हबवरची बैठक पाहावी, बॅलन्सिंग नंतर. जागेवर स्टिअरिंग फिरवताना पुढून ‘टंग’ असा आवाज येत असेल, तर स्प्रिंगचे टोक खाचेबाहेर आहे किंवा वरची बेअरिंग अडकते आहे. छोट्या खड्ड्यांवर खडखड होत असेल, तर लिंक रॉड (अँटी-रोल बारला सस्पेन्शनशी जोडणारा छोटा दांडा) तपासावा. एक कोपरा इतर कोपऱ्यांपेक्षा खाली दिसत असेल, तर सुरुवातीला लिहून ठेवलेली चार मापे काढून ताडून पाहावीत; अनेकदा तो कोपरा कामाच्या आधीही पाच-सहा मिलिमीटर खालीच असतो. गाडी हलली की टिकटिक असा कोरडा आवाज येत असेल आणि वेगाबरोबर त्याची लय वाढत असेल, तर तो सैल नटाचा समजावा, गाडी तिथल्या तिथे बाजूला घ्यावी आणि चाक उतरवून आतल्या रांगेपासून तपासणी सुरू करावी. यासाठीच मी प्रत्येक नटावरून रिमवर जाणारी पांढऱ्या ऑइल पेंटची एक बारीक रेघ ओढून ठेवतो आणि आतल्या नटांवरही तशीच ओढतो. रेघ मधेच तुटलेली दिसली, तर तो नट जागचा हलला आहे.