बोलून इंग्रजी शिकताना या चुका टाळा

व्याकरणाचे पुस्तक बाजूला ठेवून थेट बोलण्यातून इंग्रजी शिकायचे ठरवलेल्या अनेकांची गाडी काही आठवड्यांतच अडते आणि खापर मात्र पद्धतीवर फुटते. खोट बहुधा सरावाच्या रीतीत असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मनात आधी संपूर्ण मराठी वाक्य जुळवणे आणि मग त्याचा शब्दाला शब्द लावत बसणे. मराठीत क्रियापद शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग हवे असते; त्यामुळे असा माणूस दुसऱ्याच शब्दावर अडखळतो. ‘मला तिथे पोहोचायला एक तास लागतो’ हे वाक्य घ्या. यातल्या ‘मला’ आणि ‘लागतो’ यांना कितीही प्रतिशब्द शोधले, तरी ‘इट टेक्स मी ॲन अवर टू गेट देअर’ हाती लागणार नाही, कारण त्या वाक्याच्या सुरुवातीचा ‘इट’ मराठी वाक्यात कुठेच नाही. म्हणून ‘इट टेक्स मी’, ‘आय यूज्ड टू’, ‘आय वॉज अबाउट टू’ असे तुकडे अखंड पाठ करावेत आणि त्यांच्यापुढे दर वेळी नवे शब्द जोडून ते मोठ्याने म्हणावेत.

दुसरी चूक उत्साही माणसे हमखास करतात: रोज नवा विषय. नव्या विषयावर बोलताना निम्मी शक्ती काय सांगायचे हे सुचण्यातच खर्च होते. पॉल नेशन या भाषाशिक्षणतज्ज्ञांनी 1989 मध्ये ज्या सरावाबद्दल लिहिले, त्यात एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना आधी 4, मग 3 आणि शेवटी 2 मिनिटांत सांगायची असते. मजकूर तोच राहिल्याने तो आठवण्याचा ताण उतरतो आणि जीभ सैल होते. श्रोते मिळत नसतील तर मोबाइलवर तीनदा ध्वनिमुद्रण करावे. पहिल्या आणि तिसऱ्या खेपेतला फरक स्वतःच्याच कानांना कळतो.

‘चुका होऊ द्या, फक्त बोलत राहा’ हा सल्ला मला अर्धाच पटतो. भीती घालवायला तो ठीक आहे, पण ‘शी डोन्ट नो’ किंवा ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ वर्षभर कोणी हटकलेच नाही, तर ते अंगवळणी पडते. भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये अशा पक्क्या बसलेल्या चुकांच्या प्रक्रियेला ‘फॉसिलायझेशन’ म्हटले होते. मात्र दर वाक्याला टोकणारा जोडीदारही उपयोगाचा नाही, कारण मग बोलणेच आटते. एका आठवड्यात एकच चूक धरावी, बोलून झाल्यावर ध्वनिमुद्रण ऐकून ती किती वेळा झाली हे मोजावे आणि व्याकरणाचे पुस्तक तेवढ्यापुरते उघडावे. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांच्या मांडणीनुसार शिकलेला नियम बोलणे तपासण्याच्या कामी येतो, तेही पुरेसा वेळ हाताशी असला तर. म्हणून नियम आठवत आठवत बोलू पाहणारा गप्पच राहतो.

उच्चाराच्या बाबतीत लोक नको तिथे घाम गाळतात. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांतला फरक शिकावा, पहिल्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत आणि दुसऱ्यासाठी ओठ गोल करावेत. पण त्याहून आघाताकडे, म्हणजे शब्दात जोर कुठे पडतो याकडे, लक्ष द्यावे. ‘रेकॉर्ड’ हे नाम असताना जोर शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर पडतो, क्रियापद असताना दुसऱ्यावर. हे डोळ्यांनी वाचून साधत नाही. एखादे वाक्य ऐकून लगेच त्याच लयीत म्हणावे लागते, आणि त्यामुळे ऐकणे वगळून केलेला बोलण्याचा सराव लंगडाच राहतो.

शब्द आठवला नाही की मराठीत उडी मारण्याची सवयही मोडायला हवी. ‘पाना’ याला इंग्रजीत काय म्हणतात हे सुचत नसेल, तर ‘द टूल यू टायटन बोल्ट्स विथ’ असे वर्णन करून पुढे जावे. बहुतेक वेळा समोरचाच ‘ओह, अ स्पॅनर’ म्हणतो आणि अशा अडचणीत सापडलेला शब्द सहसा विसरला जात नाही.