व्हॉट्सअॅपचे संदेश सिद्ध करण्यासाठी साक्षीदाराला पुन्हा बोलावताना

मुंबईच्या दिवाणी न्यायालयांत हातउसन्या रकमेच्या किंवा भागीदारीच्या दाव्यात व्हॉट्सअॅपच्या संदेशांचे प्रिंट सर्रास दाखल होतात. साक्षीदाराचा उलटतपास संपल्यावर मात्र लक्षात येते की ते कागद नुसते फाइलला लागले असून त्यांना निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून स्वीकारल्यावर न्यायालय देते तो क्रमांक) पडलेलाच नाही. अशा वेळी साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज करता येतो. परंतु तो गुळमुळीत लिहिला तर फेटाळला जाण्याचीच शक्यता अधिक.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १७ नुसार न्यायालय कोणत्याही टप्प्यावर साक्षीदाराला परत बोलावू शकते. हा अधिकार मुख्यतः न्यायालयाला स्वतःची शंका दूर करता यावी यासाठी आहे. पक्षकाराने पुराव्यातील उणिवा भरून काढण्यासाठी तो नाही. के. के. वेलुसामी विरुद्ध एन. पलानिसामी (२०११) हे प्रकरण दूरध्वनीवरील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाचेच होते. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हेतू प्रामाणिक असेल आणि पुरावा आधी न देण्यास सबळ कारण असेल, तर त्याच संहितेच्या कलम १५१ खालील अंगभूत अधिकार वापरता येतात. म्हणून अर्ज दोन्ही तरतुदींखाली करावा.

अर्जात कोणत्या तारखेचा, कोणत्या क्रमांकावरून आलेला कोणता संदेश सिद्ध करायचा आहे, तो कोणत्या वादमुद्द्याशी संबंधित आहे आणि साक्षीदाराला नेमके काय विचारायचे आहे, हे स्पष्ट लिहावे. उशिराचे कारण तारखांसह द्यावे. ‘नजरचुकीने राहून गेले’ एवढ्यावर भागत नाही. प्रतिवादीने उलटतपासात रक्कम मिळाल्याचेच नाकारले आणि त्यामुळे जुना संदेश महत्त्वाचा ठरला, असे असेल तर त्याच्या जबाबातील ते वाक्य अर्जात उतरवावे. संदेश अद्याप दाखलच नसतील, तर वादीने आदेश ७, नियम १४(३) खाली आणि प्रतिवादीने आदेश ८, नियम १-अ(३) खाली परवानगीही मागावी.

इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात देण्यासाठी कायद्याने लागणारे प्रमाणपत्र अर्जासोबतच जोडावे. १ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेल्या दाव्यांना १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ६५-ब लागू राहते. नंतरच्या दाव्यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३. या नव्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू (फाइलची ओळख पटवणारा तिचा डिजिटल ठसा) द्यावी लागते आणि त्याचा भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो, त्यामुळे ही तयारी आधी करावी. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणातील २०२० च्या निकालानुसार मूळ फोनच न्यायालयात हजर केला आणि त्याच्या मालकाने साक्ष देऊन तो सिद्ध केला, तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही. म्हणूनच दावा संपेपर्यंत जुना फोन विकू नये, एक्सचेंजमध्ये देऊ नये.

प्रमाणपत्र जोडले की काम झाले, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. प्रमाणपत्राने प्रत पुराव्यात वाचता येते. संदेश कोणी पाठवला हे त्याने ठरत नाही, ते साक्षीदाराच्या तोंडून यावे लागते. चॅट एक्स्पोर्ट केल्यावर संदेशापुढे समोरच्याचा क्रमांक न येता आपण फोनमध्ये जतन केलेले नाव येते, आणि नाव तर कोणतेही जतन करता येते, असा आक्षेप विरुद्ध बाजूचे वकील हमखास घेतात. त्यावर उपाय म्हणजे संपर्काचा क्रमांक दिसणाऱ्या पडद्याची प्रतही प्रमाणपत्रात समाविष्ट करावी. साक्षीदाराला विचारावे की फोन आणि सिम कोणाचे, हा क्रमांक त्याच्याकडे कसा आला, त्याच क्रमांकावर प्रतिवादीशी प्रत्यक्ष बोलणे झाले होते का, आणि संदेशात उल्लेखलेली रक्कम त्याच सुमारास बँक खात्यात आली का. आधीची आणि नंतरची उत्तरेही दाखल करावीत. एकटा सुटा संदेश संशय वाढवतो.

साक्षीदाराच्या पुन्हा झालेल्या तपासावर विरुद्ध पक्षाला उलटतपासाची संधी द्यावीच लागते. त्याच्या गैरसोयीसाठी खर्च देण्याची तयारी अर्जातच दाखवावी आणि तपास एकाच तारखेला पूर्ण करू असे नमूद करावे. युक्तिवाद संपून दावा निकालासाठी ठेवला गेला असेल, तर अर्ज टिकणे फारच कठीण. अर्ज नामंजूर झाल्यास त्या आदेशावर अपील नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, अथवा अंतिम निकालावरील अपिलात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०५ नुसार तो आक्षेप घेता येतो.