मोटरहोमने युरोप फिरायचंय? मग जीपीएस घेण्याआधी गाडीची उंची मोजा

मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन युरोपात निघायचं ठरलं की गाडी बुक होते, फेरीबोट बुक होते, कॅम्पसाइट ठरतात, आणि निघायच्या आठवड्यात कोणीतरी विचारतं की रस्ता कोण दाखवणार, त्यावर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, फोन आहे ना. आमचंही तेच होतं. पहिल्याच ट्रिपला फ्रान्समधल्या एका छोट्या गावात फोनने आम्हाला सरळ रेल्वेच्या पुलाखाली नेलं, पुलावर लाल गोल बोर्ड, त्यात लिहिलेलं २.६ मी. आणि आमची गाडी जवळजवळ तीन मीटर उंच. मागे चार गाड्या, दोन्ही बाजूला घरांच्या भिंती. बायको खाली उतरून मागे गेली, गावातल्या एका आजोबांनी मागच्या गाड्या हाताने थांबवल्या आणि दीडशे मीटर मी रिव्हर्समध्ये आलो, हातापायाला कंप सुटला होता. फोनचा त्यात काही दोष नाही, त्याला माहीतच नव्हतं की तो कारला नाही तर मोटरहोमला रस्ता सांगतोय. गूगल मॅप्समध्ये गाडीची उंची, रुंदी, वजन टाकायची सोयच नाही.

म्हणून पहिली अट हीच, ज्या जीपीएसमध्ये उंची, रुंदी, लांबी आणि वजन भरता येत नाही तो मोटरहोमसाठी घ्यायचा नाही, मग तो कितीही स्वस्तात मिळत असो. गार्मिनची कॅम्पर सिरीज आणि टॉमटॉमची गो कॅम्पर या दोन युरोपात सगळ्यात जास्त दिसतात, दोन्हीत हे सगळं भरता येतं आणि रुट त्याप्रमाणे निघतो.

पण डिव्हाइस घेण्याआधी गाडी मोजा. खरंच टेप घेऊन मोजा. कंपनीच्या कागदावर जी उंची असते ती कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीची असते, त्यानंतर कोणीतरी वर एसी बसवलेला असतो, डिश बसवलेली असते, सोलर पॅनल असतं. सपाट जागेवर गाडी उभी करायची, टपावर जी वस्तू सगळ्यात उंच आहे तिच्यावर एक सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवायची अशी की तिचं टोक गाडीच्या बाहेर येईल, पट्टी लेव्हलमध्ये आहे ना ते बघायचं (फोनमध्ये लेव्हलचं ॲप असतंच) आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडायचा. वर दहा सेंटीमीटर धरायचे. समजा २.९५ मीटर आले तर ३.०५ भरायचं. ब्रिटनमध्ये जायचं असेल तर फुटातही काढून ठेवा कारण तिथे जुन्या पुलांवर अजून फूट-इंचाचे बोर्ड दिसतात, ३.०५ मीटर म्हणजे दहा फुटाला किंचित जास्त, त्यामुळे १० फूट १ इंच लिहायचं, नेहमी वरच्या बाजूला राउंड करायचं. हे आकडे कागदावर लिहून स्टिअरिंगच्या वर चिकटवा. बोर्ड समोर आल्यावर आठवत बसायला वेळ नसतो.

रुंदीचं पण तसंच, कागदावरची रुंदी बहुतेक वेळा आरसे सोडून असते. बॉडीची रुंदी आणि आरशांसकट रुंदी, दोन्ही मोजा आणि जीपीएसमध्ये आरशांसकटची भरा. इंग्लंडमध्ये काही रस्त्यांवर मुद्दाम दोन खांब लावून रस्ता अरुंद केलेला असतो, साडेसहा फुटांचे, सात फुटांचे. साडेसहा फूट म्हणजे १.९८ मीटर, तिथून मोठी मोटरहोम जाणारच नाही.

वजनाच्या रकान्यात आजचं वजन नाही तर गाडीच्या कागदावर लिहिलेलं कमाल वजन भरायचं. आणि इथे ३.५ टन ही रेघ फार महत्त्वाची आहे. ३.५ टनापर्यंत ऑस्ट्रियात विनियेट, म्हणजे ठराविक मुदतीचा टोल पास, घेतलं की झालं, त्याच्या वर गेलात की किलोमीटरप्रमाणे टोल आणि त्यासाठी गाडीत लावायचं वेगळं यंत्र, गो-बॉक्स. जर्मनीत ३.५ ते ७.५ टनाच्या मोटरहोमला ऑटोबानवर (तिथला मोटरवे) ताशी १०० किमीची मर्यादा, फ्रान्समध्ये ३.५ टनाच्या वर मोटरवेवर ११०. डिव्हाइसला वजन बरोबर कळलं नाही तर तो कारचे आकडे धरून पोचायची वेळ सांगतो, मग संध्याकाळी कॅम्पसाइटचं गेट बंद झाल्यावर तुम्ही बाहेर उभे. फ्रान्सच्या टोलला उंचीही बघतात, दोन ते तीन मीटर आणि ३.५ टनाच्या आत असाल तर क्लास २, तीन मीटर किंवा ३.५ टन यातलं काहीही ओलांडलं की क्लास ३ आणि पैसे बरेच जास्त. म्हणून २.९८ ची गाडी असताना वर उगाच काही बसवायच्या आधी विचार करा.

बरेच जण विचारतात की ट्रकचा जीपीएस घेतला तर? चालतो, पण सुचवणार नाही. ट्रकला जिथे बंदी असते तिथे मोटरहोमला बऱ्याचदा परवानगी असते, बोर्डवर ट्रकचं चित्र असेल तर ती बंदी मालवाहू गाड्यांना असते. ट्रक मोडमध्ये डिव्हाइस तुम्हाला गोदामांच्या आणि इंडस्ट्रियल एरियाच्या रस्त्याने फिरवत बसेल आणि ज्या गावासाठी गेलात ते गाव बाजूला राहील.

आता ॲप की डिव्हाइस. कोपायलट, सिजिक या रस्ता दाखवणाऱ्या ॲपची कॅरॅव्हॅन किंवा ट्रकवाली व्हर्जन आहेत, त्यात मापं भरता येतात आणि मॅप ऑफलाइन उतरवता येतो, पंधरा दिवसांची भाड्याची गाडी असेल तर माझ्या मते हेच बरं. पण फोन उन्हात काचेला लावून, चार्जिंगवर ठेवून, चार तास स्क्रीन चालू ठेवली की तापतो, ब्राइटनेस आपोआप कमी होतो आणि कधी कधी बंदच पडतो, स्पेनमध्ये जुलैत हे नक्की होणार. शिवाय ईयूतलं सिम असेल तर ईयूमध्ये २०१७ पासून रोमिंगचे वेगळे पैसे नाहीत पण स्वित्झर्लंड ईयूत नाही, त्यामुळे तिथे ऑनलाइन मॅपवर अवलंबून राहिलात तर बिल येईल. दरवर्षी जाणार असाल, स्वतःची गाडी असेल, तर डिव्हाइसच घ्या. आणि फोन बॅकअपला असू द्या, दोन्ही असावेत.

स्क्रीन ७ इंचापेक्षा लहान नको. मोटरहोममध्ये काच ड्रायव्हरपासून कारपेक्षा बरीच लांब असते, कारमध्ये छान दिसणारा ५ इंची डिव्हाइस इथे पोस्टाच्या तिकिटासारखा दिसतो. गार्मिनमध्ये ८ आणि १० इंचीही आहेत, १० इंची मोठ्या गाडीतच शोभतो, लहान व्हॅनमध्ये तो रस्ताच झाकतो, त्यात माउंट जड आणि खराब रस्त्यावर हलतो. घ्यायच्या आधी कार्डबोर्डचा तुकडा त्या मापाचा कापून काचेला टेपने लावून सीटवर बसून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. अजून एक, काही गाड्यांच्या काचेला उष्णता अडवणारा धातूचा थर असतो, त्यामागे सिग्नल नीट पकडत नाही. अशी काच असेल तर साधारण आरशाच्या मागे थोडी जागा मोकळी सोडलेली असते, किंवा बाहेरचा अँटेना जोडता येतो का ते विचारून घ्या.

बोगद्यात सिग्नल जातो हे सगळ्यांना माहीत असतं पण फरक कुठे पडतो ते नाही. स्वित्झर्लंडमधला गोटहार्ड १६.९ किमी असला तरी आत फाटे नाहीत, तिथे चुकायला जागाच नाही. नॉर्वेत मात्र हार्डांगर पुलाच्या दोन्ही टोकांना बोगद्याच्या आतच राउंडअबाउट आहेत, तिथे डिव्हाइस गप्प बसला तर तुम्हीच बोर्ड वाचायचा. आणि पॅरिसच्या पश्चिमेला ए८६ वर डुप्लेक्स नावाचा बोगदा आहे, त्याची उंचीची मर्यादा २ मीटर, म्हणजे मोटरहोमला प्रवेशच नाही. कॅम्पर जीपीएस घेतल्यावर हीच परीक्षा घ्या, उंची भरून पॅरिसच्या या भागातून रुट मागा, त्या बोगद्यात पाठवत असेल तर मापं नीट सेव्ह झालेली नाहीत किंवा चुकीचं प्रोफाइल चालू आहे. हे प्रोफाइलचं फार होतं, लोक मापं भरतात आणि डिव्हाइस कार मोडवरच राहतो. स्क्रीनवर गाडीचं चिन्ह बघायची सवय लावा, रोज सकाळी निघताना.

मॅप अपडेट लाइफटाइम आहे असं बॉक्सवर असतं, ते लाइफ डिव्हाइसचं, म्हणजे कंपनी त्या मॉडेलला सपोर्ट देते तोवर. म्हणून सेकंडहँड घेताना आधी त्या मॉडेलला अजून अपडेट मिळतात का ते बघा. वायफायवर अपडेट होणारा घ्या, आणि पूर्ण युरोपचा मॅप मोठा असतो, मेमरी कार्डची जागा असलेली बरी. अपडेट निघायच्या आदल्या रात्री करू नका, कॅम्पसाइटच्या वायफायवर तर नकोच, घरून आठवडाभर आधी करा.

डिव्हाइस हातात आला की सेटिंगमध्ये पहिली गोष्ट, शॉर्टेस्ट रुट बंद, फास्टेस्ट चालू. शॉर्टेस्ट म्हणजे तो पाचशे मीटर वाचवण्यासाठी तुम्हाला एकच गाडी मावेल अशा शेतातल्या रस्त्यावर घालतो. कच्चे रस्ते टाळा हे चालू करा. टोल टाळा हे मात्र विचार करून, पैसे वाचतात हे खरं पण गावागावातून जाताना स्पीडब्रेकर, राउंडअबाउट, अरुंद गल्ल्या, दिवसभरात माणूस दमतो. लांबच्या दिवशी टोल रोड, फिरायच्या दिवशी आतला रस्ता असं आम्ही करतो.

कोऑर्डिनेट्स, म्हणजे अक्षांश-रेखांश, टाकताना मात्र जपा. कॅम्पसाइटच्या पत्त्यावर ऑफिस असतं आणि गेट दुसऱ्याच रस्त्यावर, म्हणून कोऑर्डिनेट्स टाकणं चांगलंच, पण फॉरमॅट बघा. ४५ अंश ३० मिनिटं म्हणजे ४५.५०, ते ४५.३० असं टाकलंत तर साधारण २२ किमी लांब जाल. आणि ग्रिनिचची शून्य रेषा फ्रान्स आणि स्पेनमधून जाते, बोर्दो तिच्या जरा पश्चिमेला आहे, रेखांशाला मायनस टाकायचा विसरलात की नव्वदेक किमी पूर्वेला पोचाल. टाकून झाल्यावर लगेच गो दाबायचं नाही, मॅप झूम आउट करून पूर्ण रुट बघायचा, हा एक मिनिट कधीही वाया जात नाही. नावाने शोधत असाल तर फ्रान्समध्ये सेंट मार्टिन नावाची गावं ढीगभर आहेत, पोस्टकोड बघूनच निवडा.

बेल्जियममध्ये फ्रेंच आणि डच भाषांमुळे अजून एक गंमत, डिव्हाइस म्हणतो मोंस आणि बोर्डवर लिहिलेलं बेर्गेन, दोन्ही एकच. सीमेपलीकडचं फ्रान्समधलं लील म्हणजे राइसेल, लीएज म्हणजे लाउक आणि जर्मन बाजूने आलात तर ल्युटिख. नावापेक्षा रस्त्याचा नंबर दाखवणारा डिस्प्ले म्हणून जास्त उपयोगी, ई४२ हा दोन्ही भाषांत ई४२ च.

मुक्कामाच्या जागा, फ्रान्समध्ये एअर, जर्मनीत स्टेलप्लाट्झ, यांची यादी आत भरलेली असेल तर उत्तम, एसीएसआय आणि कॅम्परकॉन्टॅक्ट या अशा याद्या करणाऱ्यांची नावं बघा. पण यादीत आहे म्हणून उंच गाड्या अडवणारा आडवा बार नसेल असं नाही, समुद्राकाठच्या पार्किंगला दोन मीटरचा बार बऱ्याच ठिकाणी असतो आणि तो कुठल्याच डिव्हाइसला माहीत नसतो.

कायद्याचं थोडं. स्पीड कॅमेऱ्याची सूचना देणारं फीचर फ्रान्समध्ये २०१२ पासून बेकायदा आहे, दंड १५०० युरोपर्यंत, तिथे डिव्हाइस फक्त डेंजर झोन दाखवू शकतो. जर्मनीत गाडी चालवताना ते वापरायला बंदी, स्वित्झर्लंडमध्ये तर फारच कडक. बॉर्डरच्या आधी बंद करा. इटलीत जुन्या शहरांत झेडटीएल, म्हणजे परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश असलेला भाग, असतो, फ्लोरेन्स, रोम वगैरे, कॅमेरा नंबर टिपतो आणि महिन्यांनी दंड येतो, परवानगी नसेल तर त्या भागात शिरायचंच नाही. लंडनचा युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणारा झोन, २०२३ च्या ऑगस्टपासून शहराच्या सगळ्या विभागांत (बरोंमध्ये) लागू आहे. जर्मनीत बऱ्याच शहरांना कमी प्रदूषणाचं हिरवं स्टिकर लागतं. काही डिव्हाइस हे झोन टाळायचं विचारतात, पण तुमच्या इंजिनला तिथे परवानगी आहे का हे त्यांना माहीत नसतं, ते आधी स्वतः तपासा. अमाल्फीच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर दिवसा मोटरहोमला बंदी आहे, जीपीएस हो म्हणाला तरी नाही म्हणायचं, गाडी खाली ठेवून बसने किंवा बोटीने जा.

घाटांसाठी आम्ही अजून कागदाचा मिशलिनचा मॅप ठेवतो, १:२,००,००० स्केलचा, त्यात चढाच्या जागी बाण असतात, एक म्हणजे बरा, तीन म्हणजे दुसरा रस्ता शोधा. शेजारी बसलेल्याने तो मांडीवर उघडून ठेवायचा आणि दुपारनंतरचा रस्ता आधीच बघून सांगायचा.

आणि निघायच्या आधी महिनाभर तरी डिव्हाइस घ्या म्हणजे परत करायची मुदत हातात राहते. ओळखीच्या रस्त्यावर, जिथे कमी उंचीचा पूल आहे हे तुम्हाला माहीत आहे, तिथलाच रुट मागून बघा, आवाज इंजिनच्या वर ऐकू येतो का बघा, रात्री स्क्रीन डोळ्यावर येते का बघा. रुट तो पूल टाळून गेला तर ठेवा. नाही गेला तर मापं आणि प्रोफाइल परत तपासा, तरीही नाही गेला तर बिल घेऊन परत करून या.