पुठ्ठा भोकून येणारा लव्हाळा कसा आटोक्यात आला (माझा अनुभव)

खारघरला आमच्या तळमजल्याच्या घरामागे दहा बाय आठ फुटांचा वाफा आहे. पर्माकल्चरमध्ये (निसर्गाच्या धर्तीवर केलेल्या शेतीत) जमीन झाकली की निंदणी संपते, असं ऐकून मी पुठ्ठे अंथरले, वर चार इंच पालापाचोळा टाकला. आघाडा, टाकळा ही तणं खरंच थांबली; बियांना उजेडच मिळेना. लव्हाळा (जमिनीखालच्या गाठींतून फुटणारं गवतासारखं तण) मात्र पहिल्या पावसानंतर पुठ्ठा भोकून सुईसारखा वर आला.

उपटला तर पातं हातात, गाठ जमिनीतच. पाला दुप्पट केला, वरवर निंदलं, फरक शून्य. दोन पावसाळे असे गेले, रडकुंडीला आले होते.

जमलं ते असं. मे महिन्यात माती फूटभर खणून गाठी हाताने वेचल्या. काळपट, शेंगदाण्याएवढ्या, दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. दोरा तुटला की माग काढत जायचं. या गाठी कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. मी त्या कडक उन्हात खडखडीत वाळवून कचऱ्यात दिल्या. मग चिकटपट्ट्या काढलेल्या पुठ्ठ्याचे दोन थर, सांधे सहा इंच एकमेकांवर, भिजवून, वर पाला. जूनमध्ये भोकं पाडून फुटाफुटावर रताळ्याचे वेल लावले, कारण लव्हाळ्याला दाट सावली सोसत नाही. वेल पसरेपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी प्रत्येक कोंब खुरप्याचं टोक खोल घालून गाठीसकट काढला. उशीर झाला की तो नव्या गाठी धरतो.

सप्टेंबरात अख्ख्या वाफ्यात सात कोंब सापडले. निंदणी गेली नाही, आठवड्याला दहा मिनिटांवर आली.