"त्याने हो म्हटलं होतं" एवढ्यावर सुटका होत नाही, या चुका टाळा

सगळ्यात मोठा गैरसमज हा की समोरच्याने सही केली म्हणजे आपण सेफ. भारतीय न्याय संहितेत संमतीचा बचाव कलम २५ ते ३० मध्ये दिलाय, पण प्रत्येक कलमाला अटी आहेत आणि लोक त्या वाचतच नाहीत. कलम २५ चंच बघा, दोघं मजेखातर तलवारबाजी खेळले, नियमाने खेळताना एकाला लागलं तर गुन्हा नाही, पण संमती देणारा १८ च्या वरचा हवा आणि जीव घ्यायचा किंवा गंभीर दुखापत करायचा इरादा असेल तर त्याच्या "हो"चा काही उपयोग नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. यातल्या काही कलमांत काम सद्भावाने केलेलं असावं अशी अट आहे, पण "माझा हेतू चांगला होता" म्हणजे सद्भाव, असं धरून चालू नका. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केली असं म्हणताच येत नाही. १८८७ चा कलकत्ता हायकोर्टाचा एक निकाल आहे, एका कविराजाने (म्हणजे बंगालमधल्या पारंपरिक वैद्याने) साध्या चाकूने मूळव्याध कापली, पेशंट रक्तस्रावाने गेला. आधी अशी ऑपरेशनं त्याने केली होती, पण शस्त्रक्रियेचं शिक्षण नव्हतं, म्हणून सद्भावाचा बचाव टिकला नाही आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल तो दोषी ठरला. मला हे अगदी बरोबर वाटतं, नाहीतर पेशंटचा जीव कोणाच्याही आत्मविश्वासावर सोडावा लागला असता.

संमती कशी मिळाली तेही बघा. घाबरवून किंवा गैरसमजातून घेतलेली, आणि तुम्हाला ते माहीत असेल किंवा कळायला हवं होतं, तर ती संमतीच नाही (कलम २८). नशेत काय चाललंय हेच न कळणाऱ्याचा होकार पण धरत नाहीत.

इमर्जन्सीत पेशंट बेशुद्ध आहे, नातेवाईकांना विचारायला वेळच नाही, तिथे कलम ३० डॉक्टरला संरक्षण देतं, फक्त "विचारायचं राहून गेलं" याला इमर्जन्सी म्हणत नाहीत.

आणि हा बचाव सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते, संशयापलीकडे नाही, तरी तो खरा असण्याची शक्यता जास्त वाटेल इतपत. म्हणून काय सांगितलं, कोण हजर होतं, वेळ काय, हे तेव्हाच लिहून ठेवा. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर आयपीसीचीच (जुन्या भारतीय दंड संहितेची) कलमं, म्हणजे ८७ ते ९२ लागतात, तेव्हा अर्जात नंबर टाकण्याआधी तारीख बघून घ्या.