वाळूच्या पेटीत थ्रस्ट घडवा, पुरा आणि पुन्हा जागा करा

स्कॉटलंडच्या वायव्येला नॉकन क्रॅगच्या कड्यात सुमारे 100 कोटी वर्षं जुना शिस्ट (पापुद्रे सुटणारा रूपांतरित खडक) त्याच्या निम्म्या वयाच्या चुनखडकावर चढून बसलाय. आडव्या दाबाने ज्या उतरत्या भेगेवरून खडक असे वर चढतात तिला थ्रस्ट म्हणतात. हा मॉइन थ्रस्ट, सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वीचा. असे खडक कसे चढतात हे स्कॉटिश भूवैज्ञानिक हेन्री कॅडेल यांनी वाळू आणि प्लास्टरचे थर पेटीत दाबून दाखवलं. 1888 मध्ये ते प्रयोग छापून आले. तसाच प्रयोग घरी किंवा कॉलेजात करता येतो.

साधारण 60 सेंमी लांब, 20 सेंमी रुंद पेटी घ्या. लांब बाजू काचेच्या. एका टोकाला घट्ट बसणारी सरकती फळी, मागे स्क्रू. तळाला सँडपेपर चिकटवा. तळ गुळगुळीत असेल तर फळीच्या दिशेने उलटा थ्रस्टही तितक्याच जोमाने उठतो आणि चित्र गोंधळतं.

वाळू अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली, धुऊन माती काढलेली आणि खडखडीत वाळलेली हवी. पावसाळ्यात ती कढईत भाजूनच घ्या. जराशी ओल राहिली तरी गठ्ठे होतात आणि भेगा वेड्यावाकड्या फुटतात. 5 मिमीचे आठ थर, एकूण 4 सेंमी, नेहमी एकाच उंचीवरून चाळा. हाताने थोपटू नका, घनता जागोजागी बदलते. दोन थरांमध्ये खुणेपुरती रंगीत रांगोळी, जाड नको. तिची बारीक भुकटी चिकटून राहते.

आता फळी 2 सेंमी पुढे घ्या. वाळूला वेगाशी देणंघेणं नसतं, पण झटक्याशी असतं. स्क्रू सलग फिरवा. फळीच्या पायथ्यापासून 25 ते 30 अंशांची भेग निघते आणि साधारण 7-8 सेंमी पुढे पृष्ठभागावर उमटते. हा तुमचा थ्रस्ट. दाब 3-4 सेंमीच्या पुढे नेलात तर त्याच्यापुढे दुसरा उगवतो, म्हणून इथेच थांबा.

उंचवटा पट्टीने खरवडून सपाट करा (ही झाली झीज) आणि वर 5 मिमीचा नव्या रंगाचा थर चाळा. फळी आणखी 1 सेंमी पुढे. भेगेतली वाळू आधीच सैल झालेली असते, त्यामुळे बहुतेक वेळा जुनी भेगच नवा थर फाडून वर येते. नवा थर जाड टाकलात तर त्याचं ओझं जुन्या भेगेला दाबून धरतं.

मग फवाऱ्याने वाळू हळूहळू पूर्ण भिजवा आणि काचेपासून 5 सेंमी आत उभा छेद घ्या. काचेलगतची वाळू घर्षणाने मागे ओढली जाते, ती मोजू नका. छेदात खालचे थर जास्त सरकलेले, नवा थर कमी. विभंग (म्हणजे जिच्यावरून खडक सरकतात ती भेग) पुन्हा सरकल्याचा हाच पुरावा भूवैज्ञानिक खडकात शोधतात. सरक सगळीकडे सारखी असेल, तर सगळी हालचाल नवा थर पडल्यानंतरची.

दुसऱ्या खेपेला, वाळू न भिजवता, फळी मागे ओढून पाहा. जुनी भेग सहसा ढिम्म राहते आणि फळीजवळ सुमारे 60 अंशांची नवी पडते. कारण कोनात आहे. खडकाचा घर्षण गुणांक 0.6 धरला, तर सर्वांत मोठ्या दाबाशी 30 अंशांवर असलेला विभंग सहज सरकतो आणि 60 अंशांजवळ अडकतो. ढकलताना तो दाब आडवा असतो, ओढताना उभा. म्हणजे 30 अंशांचा थ्रस्ट ताणात नेमका अडकण्याच्या टोकाला येतो.

तरीही निसर्गात असे थ्रस्ट ताणाखाली उलटे घसरतात. पृष्ठावर चिकणखनिजं, अभ्रक किंवा ग्रॅफाइट असेल तर घर्षण घटतं, आणि भेगेत कोंडलेल्या पाण्याचा दाब वरच्या खडकाचं ओझं पेलून धरतो. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या समुद्रात 1981 मध्ये केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणात (कृत्रिम लहरी सोडून त्यांच्या परावर्तनातून जमिनीखालचा वेध घेताना) पृथ्वीच्या कवचात पूर्वेकडे कललेले पृष्ठभाग दिसले आणि त्यांच्यावर एका बाजूला खचलेली, गाळाने भरलेली खोरी. ती खोरी जुन्या थ्रस्टच्या उलट्या घसरणीची मानतात. पेटीत हे साधायचं असेल तर भेगेच्या जागी काचेच्या बारीक मण्यांचा तिरका पट्टा आधीच घाला. मण्यांचं घर्षण वाळूपेक्षा कमी असतं.